चिंचेखालचे दहा दिवस

"पोरं कुठायत गं तुमची?" धैर्यशीलनं बांधावरूनच आवाज टाकला.

बारा बायका भुईमुगाच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. सकाळी वेल उपटायचे, ऊन चढलं की बांधावरच्या बाभळीखाली बसून शेंगा तोडायच्या, असं तीन दिवस चाललं होतं. बाभळीची सावली ती काय, डोकं झाकलं तर पाय उन्हात. नखांत माती गेलेली, बोटांची टोकं सोलून निघालेली. कुणी मान वर केली नाही.

"विचारतोय मी. दरसाल वीस-पंचवीस पोरं असत्यात शेंगा तोडायला. औंदा एक न्हाय. मोबाईलवर चार दिवसांनी वळीव दावतोय. भिजल्या शेंगा की जाग्यावर मोड येतील."

टोळीची पुढारीण चिमणाबाई. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शाळंत गेल्यात, मालक."

"मे महिन्यात कसली शाळा?"

"चर्चमधली. एस्तेरबाईंची."

 धैर्यशीलला हे माहीत नव्हतं असं नाही. गावात दवंडी पिटल्यासारखी ती शाळा गेली अकरा वर्षं भरत होती. दोन वर्षांमागं समारोपाला हाच पाहुणा होता. शाल घेतली, नारळ घेतला, पोरांना बक्षिसं वाटतानाचा फोटो अजून त्याच्या बैठकीत लावलेला आहे. पण ते वर्ष वेगळं होतं. तेव्हा शाळा शेंगा उरकल्यावर भरायची.

"म्हंजे येशूची शाळा," तो सावकाश म्हणाला. "आन् तुमी खुशाल पाठिवता. कळतंय का तुमास्नी काय चाललंय ते?"

मीनाबाईनं हातातला वेल झटकला. माती उडून तिच्याच डोळ्यात गेली. डोळा चोळत ती म्हणाली, "पोरं सावलीत बसत्यात, मालक. तेवढं कळतंय."

 तो फटफटीला किक मारून निघून गेला. चिमणाबाई म्हणाली, "तुझ्या तोंडाला काय लगाम हाय का न्हाय, मीने?" लगाम होता. गेलं अख्खं वर्ष होता. तोच आता सुटायला लागला होता.

गेल्या मे महिन्यात याच बाभळीखाली मीनाबाईची दोन्ही पोरं बसली होती. मनाली आठ वर्षांची, सार्थक चार. "पोरास्नी घिऊन या, त्यांची बोटं बारीक असत्यात, लवकर उरकतंय," हे धैर्यशीलचेच शब्द. पोरांनी तोडलेल्या शेंगा आईच्या ढिगात पडायच्या, तेवढाच आईचा वाटा वाढायचा. म्हणून आयाही न्यायच्या. घरी ठेवून तरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? घराच्या पाठीमागं विहीर, पुढं रस्ता.

त्या दुपारी गोठ्यात वैरणीची कुट्टी चालली होती. तोडून झालेला भुईमुगाचा पाला मशीनमध्ये जात होता. गडी पाणी प्यायला गेला आणि धैर्यशीलनं मनालीला हाक मारली, "ए पोरी, त्यो पाला जरा आत ढकल." मशीन थांबलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं, पाल्याबरोबर आत गेली.

पुढचं मीनाबाई कुणाला सांगत नसे. मालकाची पांढरी गाडी दारात उभी होती. जयसिंगपूरच्या दवाखान्यात न्यायला वीस मिनिटं पुरली असती. धैर्यशील म्हणाला, "रक्त लई येतंय, सीट खराब हुईल. ट्रॅक्टरनं न्या." ट्रॅक्टर चालवणारा मीनाबाईचाच नवरा, बाळासो. मोकळ्या ट्रॉलीत मीनाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि बाप पुढं ट्रॅक्टर हाकत होता. खड्डा आला की ट्रॉली उडायची, पोर किंचाळायची आणि बाळासो मागं वळून बघायचा नाही. तासभर लागला. आणि दुसऱ्या दिवशी धैर्यशीलनं चारचौघांत विचारलं, "पोरीला कामावर आणायला कुणी सांगिटलं हुतं?" हे त्या माणसानं विचारलं आणि सगळं गाव त्याच्यासमोर मान हलवत उभं राहिलं. अशा माणसांना झोप कशी लागते, हे मीनाबाईला अजून उमगलेलं नाही.

त्यानंतर मनालीचा हात फ्रॉकच्या घडीत गेला तो गेलाच. शाळेत डाव्या हातानं गिरवायची, पोरं चिडवायची, गुरुजी म्हणायचे लिहिता येत नसेल तर नुसती बस. नुसतीच बसायला लागली. जेवतानासुद्धा भिंतीकडं तोंड करायची.

यंदा एप्रिलमध्ये एस्तेरबाई स्वतः घरी आल्या. झेडपीच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेली बाई, पायानं अधू, हातात छत्री. उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "मीनाबाई, या वर्षी शाळा शेंगांच्या दिवसांतच घेतेय. दहा दिवस, सकाळी आठ ते तुम्ही कामावरून येईपर्यंत. दुपारची खिचडी तिथंच."

"शेंगांच्या दिवसांत कशापायी?"

बाईंनी मनालीकडं पाहिलं, पण तिचं नाव घेतलं नाही. "त्याच दिवसांत पोरांना जागा लागते, हे मला उशिरा कळलं," एवढंच म्हणाल्या.

मीनाबाईनं भिंतीवरच्या तसबिरींकडं बोट केलं. "बाई, आमी जयभीमवालं. पोरं घरात वंदना म्हणत्यात. ते बदलायचं न्हाय. आधीच सांगतो."

"मी येशूच्या गोष्टी सांगते. ते लपवत नाही," एस्तेरबाई म्हणाल्या. "प्रार्थना होते. ज्याला म्हणायची नाही, त्यानं गप्प बसावं. तुमचं पोर तुमचंच राहील."

सरळ बोलणं होतं. मीनाबाईला सरळ बोलणाऱ्या माणसांची सवय नव्हती, म्हणून तिला ते जास्तच पटलं. चर्च म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर आणि पुढं मोठी चिंच. त्या चिंचेखाली सतरंज्या टाकून तीस पोरं बसायला लागली. मराठ्यांची, धनगरांची, बौद्धांची. आणि खुद्द ख्रिश्चनांची पोरं मोजून पाच.

त्या दिवशी संध्याकाळी मीनाबाई मळ्यातून आली तेव्हा पाठ ताठ झाली होती. चूल पेटवून तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. सार्थक शेजारी बसून बडबडत होता. एका मेंढक्याची शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, मग तो बाकीची नव्व्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला गेला.

"आन् बाकीची कुणाच्या भरवशावर सोडली?" मीनाबाईनं विचारलं.

सार्थक विचारात पडला. मनाली हसली. "मी बी त्येच विचारलं बाईंना. बाई म्हणाल्या, विचारायचंच असतं."

मीनाबाईचा हात पिठात थांबला. पोरगी वर्गात प्रश्न विचारते? वर्षभरात हिनं घरात काही विचारलं नव्हतं. मनालीनं रंगवलेला कागद दाखवला. चिंच होती, झाडाखाली सतरंजी होती. रेघा जाड होत्या, पण सरळ होत्या. "कुठल्या हातानं काढलंस?"  मनालीनं अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत खडू धरल्यासारखं करून दाखवलं आणि हात पुन्हा फ्रॉकमध्ये घातला.

तेवढ्यात सार्थक दोन्ही हात नाचवत म्हणायला लागला, "बोटं मोजा, बोटं मोजा, सांगा किती? आठ!"

"दहा," मीनाबाई म्हणाली.

"आठ."

"आरं दहा असत्यात. मोज नीट."

सार्थकनं उजव्या हाताची दोन बोटं मुडपली आणि परत मोजलं. "आठ. बाईंनी आठच सांगितल्यात."

मीनाबाई तापली. "पस्तीस वर्षं शाळंत काढली आन् पोराला दहापातूर मोजायला येत न्हाय व्हय? उद्या इचारतो त्या बाईला." दिवसभराच्या उन्हाचा राग तिनं भाकरीवर काढला. भाकरी चिरली. मनाली म्हणाली, "म्हणू दे की त्याला, आई." आणि तोंड फिरवून हसली.

भाकरी तव्यावर असतानाच बाळासो आला. त्यानं पाय धुतले नाहीत, दारातच उभा राहिला. म्हणजे मालकाचा काही निरोप असणार, हे मीनाबाईला कळत होतं.

"मालकांनी सांगितलंय, उद्या सकाळी चर्चपाशी यायचं. हवालदार येणार हायती. समद्या आयांनी कागदावर सह्या करायच्या."

"कसला कागद?"

"पोरास्नी फसवून न्हेलं म्हणून. शाळा बंद करत्यात."

"आन् न्हाय केली तर?"

बाळासो चुलीकडं बघत म्हणाला, "ट्रॅक्टर दुसरा कोण बी चालवंल, म्हणालं."

ज्वारीचं पीठ जळाल्याचा वास आला. मीनाबाईनं भाकरी उलथली. नवऱ्याला दोन शिव्या हासडाव्यात असं तिला वाटलं. पण ट्रॉलीपुढची ती न वळलेली मान तिला आठवली आणि शिव्या घशातच राहिल्या. घर त्याच्या ट्रॅक्टरवर चालत होतं हे काही खोटं नव्हतं. "जेवा," ती म्हणाली.

सकाळी आठला चिंचेखाली नेहमीसारख्या सतरंज्या पडल्या होत्या आणि पोरं रांगेत बसली होती. फाटकापाशी गर्दी होती. धैर्यशील पांढऱ्या कपड्यात, त्याच्याबरोबर मोबाईल वर धरलेले चार-पाचजण, आणि घामानं भिजलेला एक वयस्कर हवालदार. रस्त्याकडेला बाळासोचा ट्रॅक्टर चालूच होता. सह्या झाल्या की बायकांना आणि पोरांना ट्रॉलीत घालून थेट मळ्यात न्यायचं ठरलं होतं. पोरं वाचवायची होती ती यासाठी.

"धैर्यशील," एस्तेरबाई शांतपणे म्हणाल्या, "तिसरीत तुला पाढे मी शिकवले. मला विचारायचं ते घरी येऊन विचारायचं होतंस."

"तवाचं वेगळं, बाई. आता गावाचा प्रश्न हाय." त्यानं बाईंना बसा म्हटलं नाही, आणि अधू पायाची बाई छत्रीवर भार देऊन उभी राहिली.

कागद फिरायला लागला. चिमणाबाईनं शाई लावलेला अंगठा टेकवला आणि मान खाली घातली. तिची नात स्नेहल पहिल्या रांगेत बसली होती. आणखी दोघींनी अंगठे दिले. कागद मीनाबाईकडं आला. मीनाबाई सातवी शिकलेली. तिनं अंगठा पुढं केला नाही, कागद वाचायला घेतला. धैर्यशील म्हणाला, "वाचायचं काय हाय त्यात?"

"आमच्या अज्ञानाचा फायदा घेऊन," मीनाबाई मोठ्यानं वाचायला लागली, "खाऊचे आमिष दाखवून आमच्या मुलांना..." ती थांबली.  "अज्ञान? कुणाचं अज्ञान, मालक?"

"आगं, लिहायची रीत असती."

"माझ्या आज्ज्यानं छप्पन साली धर्म सोडला, तवा त्याला कुणी खाऊ दिला नव्हता. उलट गावानं दळण बंद केलं, वाट बंद केली. तरी मागं फिरला न्हाय. धर्म बदलणं म्हंजे काय असतंय, ते आमच्या घराला तुमी शिकवायचं? माझी पोरगी चार गोष्टी ऐकून बाटंल, एवढी कच्ची वाटली तुमास्नी?"

"मीने, सबुरीनं," बाळासो ट्रॅक्टरवरून म्हणाला.

"वरीसभर सबुरीच केली." तिचा आवाज फाटला. "साहेब, ह्यास्नी पोरांची काळजी न्हाय. शेंगा ऱ्हायल्यात ह्यांच्या. वळीव येतोय म्हणून धरम आठवलाय! औंदा बाईंनी शाळा शेंगांत का धरली, ठावं हाय का तुमास्नी? दाखवतो. मने, ये हिकडं!"

तिनं रांगेत शिरून मनालीचा दंड धरला आणि फ्रॉकमधला हात ओढला. पोरीनं तो छातीशी घट्ट धरला, मान हलवली. डोळे भरून आले. सगळे मोबाईल तिच्याकडं वळले होते. मीनाबाईची पकड सैल झाली. आपण काय करतोय हे तिला उमगलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पोरीच्या जखमेचा बाजार मांडायला ती निघाली होती. ती मागं सरली.

हवालदारानं घाम पुसला. "बाई, काय शिकवता तुम्ही एकदाचं सांगा. मला लिहून न्यायचंय."

"पोरांनाच विचारा," एस्तेरबाई म्हणाल्या.

"ए पोरांनो, काय शिकलासा? म्हणून दाखवा बघू."

 मोठ्यांची भांडणं बघून पोरं भेदरली होती. मग शेवटच्या रांगेतून सार्थकचाच आवाज आला, कारण त्याला भीती कशाची असते ते अजून माहीत नव्हतं. "बोटं मोजा, बोटं मोजा!"

एकेक करत पोरांनी दोन्ही हात वर केले. "सांगा किती? सांगा किती?" आणि मीनाबाईनं पाहिलं. प्रत्येकाच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं, तळव्यात मुडपलेली होती. स्नेहलची, सार्थकची, पाच-पाच वर्षांच्या पोरांची, ज्यांना नीट मुडपता येत नव्हती त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरलेली. "आठ!" पोरं ओरडली. "आठ बोटं, आठ कामं!"

"आरं, दहा म्हणा की," हवालदार हसत म्हणाला. "गणित चुकलं का बाईंचं?"

स्नेहल उभी राहिली. "आमच्या वर्गात आठच असत्यात, साहेब."

तेव्हा मनालीचा हात वर आला. सावकाश, कोपरापर्यंत, मग खांद्याच्या वर. त्या हाताला काही मुडपावं लागलं नाही. तीस जोड हातांत तो बाकीच्यांसारखाच दिसत होता. म्हणूनच पोरगी त्या गाण्यात हात वर करत होती, गेले तीन दिवस रोज, आणि आईला घरी सांगत नव्हती. मीनाबाईनं पदर तोंडात कोंबला. रात्रीची चिरलेली भाकरी तिला आठवली.

हवालदाराचं हसू गेलं. तो मनालीजवळ जाऊन वाकला. "बाळ, बोटांना काय झालं?"

"कुट्टीत गेली," मनाली म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पाला आत ढकल म्हणून मालकांनी सांगितलं हुतं."

 वर धरलेले मोबाईल एकेक करून खाली आले. चिमणाबाई पुढं आली, मीनाबाईच्या हातातला कागद घेतला, आपल्या अंगठ्याच्या ठशावर थुंकी लावून तो घासायला लागली. ठसा पुसला गेला नाही, कागदच फाटला. "असू दे," ती म्हणाली आणि दोन्ही तुकडे हवालदाराच्या हातात दिले. त्यानं ते न बघता घडी घालून खिशात ठेवले.

"शाळा चालू ठेवा, बाई," तो म्हणाला. "आणि तुम्ही, साहेब, जरा माझ्याबरोबर चला. पोरीचं काय झालं ते मला नीट ऐकायचंय."

"कसलं काय? वरीस झालं त्याला," धैर्यशील म्हणाला आणि रस्त्याकडं वळला. "बाळ्या, ट्रॅक्टर काढ. बायकास्नी घे. शेंगा वाळत पडल्यात तिकडं."

बाळासोनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. गेली बारा वर्षं मालकाची हाक आली की हलणारा तो माणूस ट्रॅक्टरवरून खाली उतरला, फाटकाच्या आत आला आणि सतरंजीच्या कडेला, मनालीच्या मागं, उकिडवा बसला.

"पोरांचं गाणं हुंद्या, मालक," तो म्हणाला.

पोरांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी आवाज मोठा होता. धैर्यशीलला जायचं होतं, पण हवालदार वाटेत उभा होता आणि समोर तीस पोरं हात वर करून त्याच्याकडंच बघत मोजत होती.  धैर्यशीलनं आपले दोन्ही हात खिशात घातले आणि ते गाणं संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.